सरकलेले जग, सावरणारा हात

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. पहाटे देवघरात निरांजन लावले, डोळे मिटून हात जोडले आणि डोळे उघडून पाहते तो समोर दोन निरांजने तेवत होती. एक जिथे ठेवले होते तिथे, आणि दुसरे त्याच्या उजव्या अंगाला चार बोटांवर. बाळकृष्ण दोन, शंख दोन, घंटा दोन. झोप पुरती झाली नसेल म्हणून डोळ्यांना पाणी लावले आणि अंगणात येऊन उभी राहिले. तर समोरच्या घराचे फाटकही दोन, आणि त्या दोन फाटकांत चांगले दोन हातांचे अंतर! उजवा डोळा झाकला की एक फाटक नाहीसे होई, डावा झाकला की दुसरे. दोन्ही डोळे उघडे ठेवले की जग पुन्हा दुणावे. देव दुप्पट झाले याचे भय नव्हते. भय वाटले ते जिन्याच्या पायऱ्यांचे.

माझे वय सदुसष्ट, आणि मधुमेहाची सोबत पंधरा वर्षांची. त्याच दिवशी इंदुरातील एका नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी साखर आणि रक्तदाब तपासला, मेंदूचे चित्र काढवून घेतले आणि मग शांतपणे समजावून सांगितले. आपल्या प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात. त्यांपैकी डोळ्याला कानाकडच्या बाजूस वळवणारा स्नायू मेंदूतून येणाऱ्या सहाव्या मज्जातंतूच्या ताब्यात असतो. मधुमेहामुळे किंवा वाढत्या रक्तदाबामुळे त्या तंतूला रक्त पुरवणारी सूक्ष्म वाहिनी बिघडली की तो स्नायू लुळा पडतो आणि डोळा नाकाकडे ओढला जातो. दोन्ही डोळे एकाच वस्तूवर रोखले जात नाहीत, आणि मेंदूपुढे एकाऐवजी दोन चित्रे येऊन उभी राहतात. सुदैवाने अशा रुग्णांपैकी बहुतेकांचा तंतू तीन ते सहा महिन्यांत आपोआप सावरतो.

"आणि तोवर मी काय करायचे?" मी विचारले.

"तोवर चष्म्याला लोलक लावू या," डॉक्टर म्हणाले.

लोलकाची करामत

लोलक हा शब्द ऐकताच मला माझे ग्वाल्हेरचे आजोळ आठवले. तिथल्या जुन्या झुंबरातून निखळलेले काचेचे लोलक आम्हा मुलांचा ठेवा असत. ते डोळ्याला लावले की प्रत्येक वस्तूच्या कडेला सप्तरंगी किनार दिसे. त्या रंगांत आम्ही इतके रमून जात असू की दुसरी एक गंमत आमच्या ध्यानातच येत नसे. ती ही की, लोलकातून पाहिलेली वस्तू आपल्या मूळ जागेवरून बाजूला सरकलेली असते. नेत्रतज्ज्ञाला लोलकाचा उपयोग आहे तो या सरकण्यासाठी.

चष्म्यातील लोलक म्हणजे काचेची एक पाचर. एक कड जाड, दुसरी पातळ. प्रकाशाचा किरण तीतून जाताना जाड कडेकडे वळतो आणि त्यामुळे पाहणाऱ्याला वस्तू पातळ कडेकडे सरकल्यासारखी भासते. किती सरकली हे मोजण्याचे परिमाण न्यूयॉर्कच्या चार्ल्स प्रेंटिस यांनी १८९० साली सुचवले. एक मीटर अंतरावरील वस्तू एक सेंटिमीटर सरकवणारा लोलक तो एक प्रिझम डायॉप्टरचा. मला पंधराचा लोलक लागणार होता; म्हणजे मीटरभर अंतरावर पंधरा सेंटिमीटर, आणि सहा मीटरांवरच्या त्या फाटकापाशी नव्वद सेंटिमीटर, अर्थात दोन हात. माझ्या अंगणातल्या मोजमापाशी हिशेब तंतोतंत जुळला याचे त्या चिंतेतही मला कौतुक वाटले.

इतकी जाड पाचर नाकावर पेलणे अवघड. यावर तोड निघाली ती समुद्रावरच्या दीपस्तंभांतून. फ्रान्समधील ऑगस्टीन फ्रेनेल यांनी दीपस्तंभाचे अवजड भिंग कड्याकड्यांनी विभागून हलके करण्याची युक्ती शोधली आणि १८२३ साली कॉर्दुआँच्या दीपस्तंभावर ते भिंग प्रथम प्रकाशले. त्याच युक्तीने एक जाड पाचर बनवण्याऐवजी शेकडो बारीक पाचरी एका पातळ, लवचिक, पारदर्शक पट्टीवर शेजारी शेजारी बसवतात. पट्टी कात्रीने भिंगाच्या आकाराची कापायची आणि पाण्याच्या ओलाव्याने आतून चिकटवायची. डोळा सुधारू लागला की ती काढून कमी ताकदीची लावता येते.

पट्टी लागली, आणि समोरच्या भिंतीवरची दोन घड्याळे एकमेकांत मिसळून एक झाली. मला अक्षरशः रडू कोसळले.

पहिले आठ दिवस

परंतु घरी येताच ध्यानात आले की, जग एक झाले असले तरी ते माझे जुने जग नव्हते. फरशी एका अंगाला कललेली दिसे. दाराच्या चौकटीला बाक आलेला. दिव्याभोवती पुसट रेघा. उजवीकडे नजर वळवली की पुन्हा दोन-दोन दिसे. म्हणून डोळ्यांऐवजी सारी मान वळवावी लागे. कपात चहा ओतायला गेले तर धार बशीत. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना शेवटची पायरी संपली असे समजून पाय टाकला, ती संपलेली नव्हती. कठडा हाती होता म्हणून वाचले.

सून धावत आली. "आई, आता तुम्ही काही म्हणजे काही करायचे नाही. स्वस्थ बसून राहा. डोळे आपोआप बसतील." तिच्या बोलण्यात माया होती आणि माझ्या मनात धास्ती, दोघींचे एकमत झाले. मी आरामखुर्चीत बसले. चहा हातात येई, ताट समोर येई, देवपूजा नातू उरकी. आठ दिवस असे गेले आणि नवव्या दिवशी उठले तर फरशी पहिल्या दिवसाइतकीच कललेली. उद्यापासून हा चष्मा कपाटात ठेवायचा आणि एका डोळ्यावर रुमाल बांधून बसायचे, असे मी ठरवून टाकले.

त्याच आठवड्यात पुन्हा तपासणी होती. डॉक्टरांनी माझी तक्रार ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "दिवसभर काय करता?"

"काही नाही. बसून असते."

"मग तुमचे हातपाय शिकणार कशाच्या जोरावर?"

या प्रश्नाने माझी खुर्ची सोडवली, आणि मला वाचायलाही लावले. जे वाचले ते घरोघरीच्या उपयोगाचे वाटले म्हणून हा लेखनप्रपंच.

दीडशे वर्षांचे कुतूहल

लोलकातून पाहणाऱ्या माणसाचे काय होते याची नीट नोंद जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी दृष्टिविज्ञानावरील आपल्या ग्रंथात केली. तो ग्रंथ १८६७ साली पुरा झाला. प्रयोग इतका साधा, की वाचून नवल वाटते. वस्तू एका बाजूला सरकवणारे लोलक दोन्ही डोळ्यांना लावायचे आणि समोरच्या वस्तूला चटकन हात लावायचा. पहिल्या वेळी हात वस्तूला चुकून बाजूला जातो. काही वेळ वस्तू हाताळत राहिले की हात बरोबर वस्तूवर पडू लागतो. खरी गंमत पुढेच आहे. लोलक काढले की हात पुन्हा चुकतो, आणि या वेळी उलट बाजूला! म्हणजे माणसाने केवळ मनाशी हिशेब करून हात वळवलेला नसतो. त्याच्या आतले मापच बदललेले असते. हे बदललेले माप म्हणजेच अनुकूलन.

त्यानंतर तीस वर्षांनी, १८९७ साली, कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रॅटन यांनी याहून धाडसी प्रयोग स्वतःवर केला. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याला त्यांनी जगाला उलटे करून दाखवणारी भिंगे बांधली. जमीन वर, छत खाली. उजवे डावीकडे, डावे उजवीकडे. आठ दिवसांत मिळून सत्त्याऐंशी तास त्यांनी ही भिंगे वापरली. एरवी डोळे बांधून ठेवले. आरंभी प्रत्येक हालचाल चुके. आठवडा सरता सरता मात्र ते घरात सहज वावरू लागले. भिंगे काढली तेव्हा ओळखीचेच जग त्यांना काही तास परके वाटत राहिले.

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे थिओडोर एरिसमान आणि ईवो कोहलर यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला असे प्रयोग आठवडेच्या आठवडे चालवले. जग उलटे करणारा चष्मा लावून त्यांची माणसे काही दिवसांनी सायकलही चालवू लागली. अमेरिकेतील जेम्स गिब्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, लोलकातून वाकडी दिसणारी सरळ रेषा हळूहळू कमी वाकडी दिसू लागते, आणि लोलक काढल्यावर खरोखरच सरळ असलेली रेषा उलट्या बाजूने वाकलेली भासते. माझ्या दाराच्या चौकटीला आलेला बाक मला आठवला.

शिकते कोण?

आपण सहज म्हणतो, "डोळ्यांना सवय झाली." वस्तुतः यात डोळ्याचा दोषही नाही आणि पराक्रमही नाही. त्याच्यावर पडणारे चित्र पहिल्या दिवशी जितके सरकलेले असते तितकेच शेवटच्या दिवशीही असते. बदलतो तो त्या चित्राचा आणि आपल्या हातापायांचा परस्परसंबंध. चार्ल्स हॅरिस यांनी १९६३ साली हे लख्खपणे दाखवले. एकाच हाताला लोलकातून वस्तूला स्पर्श करण्याचा सराव दिला आणि मग डोळे झाकून त्या हाताने दिशा दाखवायला सांगितली. सराव झालेला हात एका बाजूला जाई. ज्याला सराव नव्हता तो दुसरा हात मात्र पूर्ववत् बरोबर. दोघांचे डोळे तेच, शिकला मात्र एकच हात.

प्राणिमात्रांत सर्वांना ही देणगी नाही. रॉजर स्पेरी या शास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात बेडकांचे डोळे खोबणीत उलटे फिरवून बसवले. माशी वर असली की बेडूक खाली झेप घेई, आणि ही चूक त्याने कधीच सुधारली नाही. एक्हार्ड हेस यांनी १९५६ साली कोंबडीच्या पिलांना लोलकांची टोपडी चढवली. पिले दाण्याच्या बाजूला चोच मारीत, आणि दिवसांमागून दिवस गेले तरी बाजूलाच मारीत राहिली. या मुक्या जिवांच्या हालांविषयी वाचताना मन द्रवते. पण त्यांच्यापुढे माणसाच्या मेंदूची लवचिकता केवढी, याचीही जाणीव होते.

ही लवचिकता मेंदूच्या कोणत्या भागात? डोक्याच्या मागच्या अंगाला, मोठ्या मेंदूच्या खाली जो लहान मेंदू असतो, त्याचे हे काम. अमेरिकेतील सेंट लुईस येथे थॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना लोलक लावून मातीचे गोळे नेमावर फेकायला सांगितले. निरोगी माणसाचा नेम दहा ते तीस फेकींत जुळून येई. लहान मेंदूला इजा झालेले रुग्ण मात्र फेकत राहिले तरी अनेकांचा नेम सुधारला नाही. चूक दिसत होती, पण ती सुधारून घेणारा कारकून जागेवर नव्हता.

याच प्रयोगांतली आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या वाचकांना फार ओळखीची वाटेल. काही आठवडे लोलक लावून आणि काढून असा दुहेरी सराव केला, तर मेंदू दोन्ही मापे एकाच वेळी जतन करू लागतो. मग लोलक लावला तरी पहिलाच नेम बरोबर, काढला तरी बरोबर. आपल्या मुलांचे नाही का असेच? शाळेत आणि बाजारात हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी. चप्पल काढता काढता भाषा बदलते, आणि एकीचे व्याकरण दुसरीत क्वचितच सांडते. रोजच्या वापराने दोन मापे एका डोक्यात सुखाने नांदतात.

खुर्चीवरचा प्रवासी

आता डॉक्टरांच्या त्या प्रश्नाकडे वळते. रिचर्ड हेल्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५८ पासूनच्या काही वर्षांत सहकाऱ्यांसह जे प्रयोग केले, त्यांत माझ्या आठ दिवसांच्या वनवासाचे उत्तर होते. त्यांनी लोलक लावलेल्या काही माणसांना स्वतःचा हात हलवू दिला. दुसऱ्यांचा हात मात्र फळीला बांधून प्रयोग करणाऱ्याने हलवला. डोळ्यांपुढचे दृश्य दोघांचे सारखेच. स्वतः हात हलवणारे जुळवून घेत. ज्यांचा हात दुसऱ्याने हलवला ते फारसे घेत नसत. पुढे त्यांनी लोलक लावलेल्या काहींना एका वाटेने चालवले आणि काहींना त्याच वाटेने चाकांच्या खुर्चीतून फिरवले. जे आपल्या पायांनी चालले ते शिकले. खुर्चीत बसून फिरलेले मागे राहिले. स्वस्थ बसणाऱ्याला काहीच शिकता येत नाही असे नव्हे, असे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले आहे. पण स्वतः करणे आणि केलेले चुकलेले दिसणे यांच्याइतका समर्थ गुरू दुसरा नाही, हे मात्र कायम राहिले.

वयाचे काय? याविषयी घुबडांनी मला धीर दिला. गव्हाणी घुबडाचे डोळे खोबणीत जवळजवळ हलतच नाहीत, म्हणून लोलकांच्या प्रयोगाला ते सोयीचे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एरिक नुडसेन यांना दिसून आले की, लहान वयाची घुबडे लोलकाशी काही आठवड्यांत जुळवून घेतात आणि ऐकू येणाऱ्या आवाजाची दिशाही सरकलेल्या दृष्टीप्रमाणे बदलून घेतात. प्रौढ घुबडांना मात्र ते साधत नाही. परंतु ब्री लिंकनहोकर यांच्यासह नुडसेन यांनी २००२ साली एक नवी गोष्ट दाखवली. प्रौढ घुबडाला एकदम जोरदार लोलक न लावता थोडाथोडा वाढवत नेला, तर तेही पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक शिकते. म्हातारपणी शिकणे बंद होत नाही. घास लहान घ्यावा लागतो.

डॉक्टरांनी मला अशीच लहान घासांची कामे नेमून दिली. विस्तव आणि सुरी यांच्यापासून दूर राहायचे, जिना कठडा धरूनच चढायचा-उतरायचा. बाकी बसून करण्याजोगे सारे करायचे. मी पाटावर बसून तांदूळ निवडू लागले, मटार सोलू लागले, वाती वळू लागले. नातू समोर टोपली ठेवी आणि म्हणे, "आजी, टाक आता," आणि मी मोज्यांचे गोळे टोपलीत फेकत असे. पहिल्या दिवशी दहांतले तीन आत पडले. तो हसला, मीही हसले. रोज सकाळी अंगणात मी ठिपक्यांची रांगोळी काढू लागले. पहिल्या सकाळची रांग एका अंगाला घसरलेली. चौथ्या दिवशी कमी. दहाव्या दिवशी सुनेने दारातून पाहिले आणि म्हणाली, "आई, आज रांग सरळ आली." फरशीचे कलणेही त्याच सुमारास केव्हातरी थांबले, नेमके केव्हा, ते मला सांगता येणार नाही.

हात न लावता होणारे जुळवणे

एक भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. हातापायांचे अनुकूलन सरावाने होते. दोन डोळ्यांचे आपापसातले जुळवणे निराळे. निरोगी माणसाला सौम्य लोलक लावला तर क्षणभर दोन दिसते, मग दोन्ही डोळे वळून चित्र एक करतात, आणि काही वेळाने मेंदू ती नवी ठेवण जणू आपली नेहमीचीच मानू लागतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहत राहिले की हे आपोआप घडते. नेत्रतज्ज्ञ याला लोलक पचवणे म्हणतात. ज्याचे डोळे लोलक पचवून टाकतात त्याला काही दिवसांनी त्याचा उपयोग वाटेनासा होतो. ज्याचे पचवत नाहीत त्यालाच त्याचा टिकाऊ आधार मिळतो. म्हणून लोलक देण्यापूर्वी काही वेळ, कधी काही दिवस, तो लावून पाहण्याची पद्धत आहे. काही प्रकारच्या तिरळेपणात शस्त्रक्रिया किती करावी हे ठरवण्यापूर्वीही असा लोलक लावून डोळे कुठे स्थिरावतात ते पाहतात.

आणि लोलक म्हणजे औषध नव्हे. त्याने माझा तंतू बरा केला नाही; ते काम काळाने आणि ताब्यात ठेवलेल्या साखरेने केले. लोलक होता पांगुळगाड्यासारखा, चालता येईपर्यंतचा आधार.

तरी एका आजारात लोलकाच्या अनुकूलनाचाच उपचार म्हणून वापर करून पाहिला गेला आहे. अर्धांगवायूनंतर काही रुग्णांना आपल्या डाव्या बाजूच्या जगाची दखलच राहत नाही; ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डाव्या बाजूला उभा असलेला मुलगा दिसत नाही. फ्रान्समधील लियाँ येथे इव्ह रोसेटी आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली अशा रुग्णांना दृश्य दहा अंश उजवीकडे सरकवणारे लोलक लावले आणि काही मिनिटे समोरच्या खुणांकडे बोट दाखवण्याचा सराव दिला. लोलक काढल्यावर हात डावीकडे झुकला, आणि त्याबरोबर रुग्णांचे लक्षही डावीकडे वळले. निदान दोन तास ते टिकले. पुढील चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. काहींना लाभ होतो, काहींना दैनंदिन जीवनात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे हा उपाय तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचा.

घरातल्या चष्म्यांविषयी

लोलकाचा चष्मा थोड्यांच्या नशिबी येतो. पण लोलक मात्र प्रत्येक चष्म्यात दडलेला असतो. भिंगाच्या मध्याऐवजी कडेतून पाहिले की साधे भिंगही लोलकासारखे वागते. किती, याचा हिशेब प्रेंटिस यांनीच घालून दिला आहे. भिंगाच्या नंबराला मध्यापासूनच्या सेंटिमीटरांनी गुणावे. नंबर पाचाचा आणि मध्य चार मिलिमीटर चुकलेला, तर डोळ्यापुढे दोन प्रिझम डायॉप्टरचा लोलक नकळत बसला. नवा चष्मा लावल्यावर जमीन खोल वाटते, पायरी फसवते, डोके जड होते, त्यात या दडलेल्या लोलकाचाही वाटा असतो.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी नवा चष्मा एका दिवसात कपाटात टाकू नये. तो घालून ओळखीच्या घरात, ओळखीची कामे करावीत. जुना आणि नवा यांची दिवसभर अदलाबदल आरंभी टाळावी. जिन्यावर कठडा धरावा. सवय होईपर्यंत वाहन चालवू नये. मात्र दोन आठवडे उलटूनही त्रास तसाच राहिला, तर सहनशीलतेची परीक्षा पाहू नये. चष्मा परत नेऊन भिंगांचे मध्य बाहुल्यांसमोर आहेत की नाहीत ते तपासून घ्यावे. चुकीच्या चष्म्याची सवय करून घेणे यात पुरुषार्थ नाही.

आणि अकस्मात् दोन दिसू लागले तर "होईल बरे" म्हणत थांबू नये. आधी आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहावा. एक डोळा झाकल्यावर दुसरी प्रतिमा जात असेल, तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडला आहे. एकाच डोळ्याने पाहतानाही दोन दिसत असेल, तर दोष बहुधा त्या डोळ्यातच, मोतीबिंदूसारखा, आहे. दोन्ही प्रसंगी डॉक्टरांकडे जायचे. परंतु दुहेरी दिसण्याबरोबर पापणी पडली, तीव्र डोकेदुखी सुरू झाली, बोलणे अडखळले किंवा हातपाय लुळा वाटला, तर तासाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

पट्टी उतरते

माझ्या पट्टीची ताकद पंधरावरून दहावर आली, दहावरून पाचावर, आणि चौथ्या महिन्याच्या अखेरीस डॉक्टरांनी ती सोलून माझ्या हातात दिली. दोन्ही डोळ्यांनी मी समोरचे घड्याळ पाहिले; एकच होते. घरी आल्यावर हेल्महोल्ट्झची आठवण होऊन मुद्दाम अंगणात ठिपके काढले. रांग किंचित उलट अंगाला घसरली होती! नातवाला बोलावून दाखवली. दुसऱ्या दिवशी ती सरळ झाली.

या साऱ्यातून सुनेला दोष द्यावा असे माझ्या मनात कधीही आले नाही. घरात कोणी म्हातारे अडखळले की त्याच्या हातातले काम काढून घेणे हीच आपल्याकडे मायेची रीत. पण काम काढून घेताना आपण नकळत त्याची शिकण्याची वाटही काढून घेतो, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे. यंदाच्या श्रावणात पहिल्या दिवशी सुनेने तेलवातीचे तबक माझ्यापुढे ठेवले आणि ती बाजूला उभी राहिली. निरांजन मी लावले.